सोमवारच्या मटणाचं काय करायचं तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थंडी स्पेशल म्हणून सूपाचं अख्खं पान आलं ते वाचलं. ब्रोकोली आणि बदाम, मशरूम, बेसिल घातलेलं टोमॅटो, शिवाय एक थाई का कायसं. फोटो मस्त आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण एक विचारते, हे पान नागपूरसाठी केलं होतं की तिकडून पुण्या-मुंबईवरून आलं ते तसंच चिकटवलं? कारण इथे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर केवढी लाईन लागते ते तुमच्या ऑफिसातल्या लोकांना माहीत नाही असं थोडीच आहे, त्यातले निम्मे त्याच लाईनीत थैली घेऊन उभे असतील. आणि रविवारी एवढं मटण शिजते म्हटल्यावर सोमवारी घरोघरी फ्रीजमध्ये एक डबा उरलेलाच असतो, चार बोट्या, एखादी नळी आणि खाली जाड रस्सा, तेवढ्यात घरातल्या सगळ्यांचं भागत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. त्या डब्याचं भरपेट सूप होते, थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही, आणि त्यावर तुमच्या पानात एक ओळ नाही.

थंडीच्या बातम्या मात्र तुम्ही रोज देता. पारा घसरला, हुडहुडी वाढली, शेकोट्या पेटल्या. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशावर गेलं होतं तेव्हा तर सगळ्या पेपरांची पहिली पानं तीच होती. पण आपल्या इथल्या थंडीचा एक नखरा आहे तो कोणी लिहित नाही. पहाटे दात वाजतात आणि दुपारी स्वेटर काढून हातात घ्यावं लागते, अठ्ठावीस अंशाचं ऊन असते. आणि घरातला स्वयंपाकाचा ओटा तर रात्रीही बाहेरएवढा गार नसतोच, दारंखिडक्या बंद, गॅस तासभर चाललेला. तरी लोकं काय करतात, रात्री जेवणं झाली की मटणाचा गंज (पातेलं) तसाच झाकण ठेवून ओट्यावर सोडतात, "थंडी आहे ना, काही होत नाही" म्हणून. माझ्या सासूबाई पण हेच म्हणत, आणि शेजारच्या काकू अजून म्हणतात. सकाळी एक उकळी काढली की झालं, असा सगळ्यांचा हिशोब.

हा हिशोब चुकीचा आहे आणि सूपाच्या आधी हेच सांगायला पाहिजे. शिजलेल्या मांसात जंतू वाढायला साधारण ५ ते ६० अंश एवढं तापमान चालते, म्हणजे आपला ओटा बरोबर त्यातच येतो, जानेवारीत सुद्धा. मटणाच्या घट्ट रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू असतो त्याचे बीजाणू उकळीत मरत नाहीत, मोठा गंज हळूहळू गार होत असला की त्यांना आयतंच मिळते, रातभर वाढतात. आणि दुसरे काही जंतू असे असतात की ते स्वतः उकळीत मरतात पण त्यांनी सोडलेलं विष तसंच राह्यते. म्हणून सकाळची उकळी म्हणजे काही गंगाजल नव्हे. जेवण झालं की दोन तासांच्या आत डबा फ्रीजमध्ये गेला पाहिजे. गरम गंज फ्रीजमध्ये कसा ठेवायचा म्हणाल तर परातीत थंड पाणी घ्या, थंडीतल्या रात्री टाकीचं पाणी बर्फासारखंच असते, त्यात गंज बसवा आणि रस्सा ढवळत राहा, नाहीतर दोन उथळ डब्यांत वाटून टाका, अर्ध्या तासात हात लावण्यासारखं होते. फ्रीजमध्ये मग तीन दिवस, फार तर चौथा, त्यापुढे नाही. मार्गशीर्ष असला तर तसंही गुरुवारच्या आत सगळं संपवावं लागते, बुधवारी रात्री फ्रीज धुवून निघतो, त्यामुळे ज्यांच्याकडे गुरुवार पाळतात त्यांना हा नियम वेगळा सांगायची गरज नाही.

आता सूप. लोकं म्हणतात सावजी मटणाचं सूप होत नाही, तिखटच एवढं असते. आमच्या घरात जावयापासून पोट्ट्यापर्यंत सगळ्यांनी मला हेच सांगून पाह्यलं. मी म्हणते होते, आणि चांगलं होते, फक्त त्या रश्शाला सूप समजून पाणी ओतत बसू नका, कारण तसं केलं की ना धड रस्सा राह्यते ना सूप, लाल पाणी होते नुसतं. इतवारी-महालातल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं हे जेवण आहे, त्यातला मसाला भाजून-वाटून जाड केलेला असतो, खसखस, खोबरं, काळी मिरी सगळं त्यात, त्याला त्याचा मान ठेवून वापरायचं, म्हणजे थोडं.

डबा रातभर फ्रीजमध्ये राह्यला की सकाळी वरची तर्री गोठलेली दिसते, नारिंगी लाल जाड थर. नुसतं तेल असतं तर एवढं गोठलं नसतं, मटणाची चरबी त्यात उतरलेली असते म्हणून. चमचा कडेने फिरवला की थर चकतीसारखा उचलून येतो. तो फेकू नका, वाटीत काढून ठेवा. त्याच्या खालचा रस्सा चमच्याने हलवून पाहा, हाडं भरपूर असतील तर तो वाहत नाही, थरथरतो. काही लोकांना ते पाहून वाटते की मटण खराब झालं. उलट आहे. हाडाच्या टोकाला आणि सांध्याला जो पांढरा चिवट भाग असतो त्यातलं कोलॅजन बराच वेळ तापून पाण्यात उतरते, त्याचं जिलेटिन होते, ते गार झालं की असं बसते. सूपाला जो अंगचा दाटपणा येतो, ओठाला किंचित चिकटते ना, तो इथूनच येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही.

मग बोट्या गार असतानाच हाताने मांस सोडवायचं. गारच असताना हे सोपं जाते, गरम केलं की तुटून तुटून रश्शात जाते. मांस वेगळं ठेवायचं आणि परत फ्रीजमध्ये, त्याचं काम शेवटी आहे. हाडं चाळणीत घेऊन वरून गरम पाणी ओतायचं म्हणजे मसाला निघून जातो. मग ही हाडं कुकरमध्ये, बुडून वर चार बोटं पाणी, ठेचलेलं आलं, सोललेला नाही अख्खा लसणाचा गड्डा आडवा कापून, आठदहा मिऱ्या, तेजपान, आणि एक कांदा मधून कापून गॅसवर डायरेक्ट काळा होईस्तोवर भाजलेला. तो भाजलेला कांदा विसरू नका, रंग आणि गोडवा दोन्ही त्याचाच. मीठ अजिबात घालायचं नाही, रविवारच्या मटणात आधीच आहे, आणि पुढे थोडा रस्सा पण पडणार आहे. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि पाऊण तास विसरून जायचं. उघड्या गंजात हेच काम करायचं तर तीन-चार तास लागतात, कुकरमध्ये तापमान १२० अंशाच्या आसपास जाते म्हणून लवकर होते, आणि सिलेंडरचा भाव पाहता कुकरच बरा.

कुकर उघडला की गाळून घ्या. नळी असेल तर ती आधी बाजूला काढा आणि ताटावर उभी आपटा, आतला गर सूपात गेला पाहिजे, पोरांच्या तोंडात नाही (हे आमच्याकडे जमत नाही, पण लिहायला काय जाते).

गाळलेल्या पाण्यात आता काय घालायचं तर बाजारात जे आहे ते. आणि डिसेंबर-जानेवारीत गोकुळपेठेच्या नाहीतर कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको, ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. तुरीचे सोले. सोलेभात करतो, सोल्यांची भाजी करतो, मग मटणाच्या सूपात सोले का नाही? एक वाटी सोले, थोडे ठेचून थोडे अख्खे, त्यानं सूप दाटही होते आणि दाताखाली पण येते. गाजर घाला, मुळ्याच्या दोन चकत्या घाला, तांदळाची मूठभर कणी घाला. आमच्याकडे एचएमटीची कणी असते, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात निवडून काढलेलं वाण, त्याची कणी लवकर गळते आणि सूपात विरघळून जाते. कणी नसेल तर ज्वारीचं पीठ चमचाभर, पण आधी थंड पाण्यात कालवून, सरळ गरम सूपात टाकलं की गुठळ्या होतात आणि मग तुमचा मिक्सर काढा, धुवा, कोण करते.

सोले शिजले की त्या रश्शातले दोन डाव, फक्त दोन, सूपात घाला. चव पाहा. सावजीचा वास आला पाहिजे, घाम नाही फुटला पाहिजे. आता ते सोडवलेलं मांस घाला आणि चांगली खळखळून उकळी येऊ द्या, तीन-चार मिनिटं, म्हणजे मांस आतपर्यंत गरम होते आणि त्यापेक्षा जास्त ठेवलं तर चोथा होते, कारण ते काल एकदा शिजलेलंच आहे. पाऊण तास हाडांसोबत मांसही उकळलं म्हणजे सगळा रस पाण्यात आणि बोटीच्या जागी सुतळी. पॅकेटवरच्या आणि मोबाईलवरच्या रेसिपीत सगळं एकदम टाका असं असते तिथेच गडबड होते. शेवटी मीठ लागलं तर, लिंबू, पातीचा कांदा, भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. ती काढून ठेवलेली तर्री वरून अर्धा चमचा ज्याला पाहिजे त्याला, बाकीची उद्याच्या पोह्यांच्या तर्रीला कामी येते. आणि सूप कढत खायचं. मटणाची चरबी लवकर थिजते, ताटलीत गार झालं की टाळूला चिकटते आणि मग लोकं म्हणतात मटणाचं सूप जड असते. सोबत ज्वारीची भाकर चुरून. नुसत्या वाटीभर सूपावर नागपूरच्या माणसाचं जेवण होत नाही आणि ते भरपेट आहे हे मी वर लिहिलंय ते भाकरीसकट लिहिलंय.

हॉटेलच्या तंदुरी चिकनचं पण असंच करता येते, त्याच्या धुराचा वास सूपाला फार छान लागतो. कोंबडीचं हाड नाजूक, अर्धा तास बस, आणि दोनदा गाळा कारण बारीक किरची राह्यतात. पण पार्सलचे दोन तास तुमच्या घरी आल्यापासून मोजू नका, ते शिजवलं कधी कोणाला माहीत, रात्री आणलं की उरलेलं लगेच फ्रीजमध्ये, आणि गाडीवर तासनतास लटकत असलेलं असेल तर त्याचं सूपही नको. मासे या भानगडीत घेऊ नका.

आता एक गोष्ट तुमच्या आरोग्याच्या सदरासाठी. तिथे मागे वाचलं की हाडांच्या सूपाने कॅल्शियम मिळते, गुडघे सुधारतात. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही, कॅल्शियम पाहिजे तर दूध-दही खा, नाचणी खा. आणि जिलेटिन म्हणजे काही पूर्ण प्रोटीन नाही, ट्रिप्टोफॅन नावाचं शरीराला लागणारं एक अमिनो आम्ल त्यात नसतेच. प्रोटीन मिळते ते शेवटी घातलेल्या मांसातून आणि सोल्यांतून. सूप प्यायचं ते गरम, चवीचं आणि पोटभर म्हणून, त्याला औषध कशाला बनवायचं. हां, ज्यांना बीपी आहे त्यांनी मीठ सांभाळावं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणतात डब्ल्यूएचओवाले, आणि रविवारचा रस्सा एकटाच त्यातला किती खाऊन टाकतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच हाडं धुवून घ्यायची आणि डाव दोनच. पाकिटातल्या सूपाचं लेबल एकदा वाचून पाहा, मक्याचा स्टार्च, साखर, मीठ, आणि भाज्या शेवटी कुठेतरी चिमूटभर.

तर साहेब, म्हणणं एवढंच की पुरवणीत पान आहेच, त्यात दर सोमवारी नाही म्हणत, पण थंडीचे दोन महिने तरी उरलेल्या मटणासाठी, चिकनसाठी एक चौकट ठेवा. त्यात दोन तासांचा नियम ठळक छापा, लोकं तुमच्या पेपरचं ऐकतात, आमचं घरात कोणी ऐकत नाही. अधिवेशनाला मुंबईहून सगळे येतात, सावजी खाऊन "फार तिखट" म्हणत परत जातात, त्यांच्यासाठीही सोयीचं होईल. रेसिपी मागवायच्या असतील तर वाचकांकडून मागवा, खाटीकपुऱ्यापासून कामठीपर्यंत प्रत्येक घराचं वेगळं निघेल, कामठीवाले यखनीवर, म्हणजे मटणाच्या पातळ सूपावर, बोलायला लागले तर तुमची जागा पुरायची नाही. आणि फोटो काढाल तेव्हा एक विनंती, सूपावर ती क्रीमची जिलबी काढू नका, सांबार टाका आणि शेजारी भाकर ठेवा.

तुमची नेहमीची वाचक,
नंदनवन, नागपूर