नाताळ एका रात्रीत कोंबू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या आदल्या रविवारी आपल्या पुरवणीत या सणाला वाहिलेले एक पान आले होते. बिनअंड्याच्या केकची कृती, झाड सजवण्याच्या सूचना आणि २४ तारखेच्या रात्री कोणत्या हॉटेलात काय बेत आहे याची माहिती, असा त्यातला ऐवज होता. मराठी वर्तमानपत्राला नाताळची आठवण राहते याचे आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांना समाधानच आहे, आणि केकची ती कृती चांगली होती, हेही सांगून टाकते. तरीही ते पान वाचून असा समज होतो की नाताळ हा एका रात्रीचा, घराबाहेर साजरा करायचा आणि मुख्यतः तरुण मंडळींचा सण आहे. ज्या घरात चार वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच घरात ऐंशी ओलांडलेले आजी-आजोबाही आहेत, त्या घराला हा समज त्रासाचा ठरतोच. शिवाय तो सणाच्या मूळ रचनेलाही धरून नाही. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

ख्रिस्ती पंचांगात नाताळ हा एक दिवस नसून एक काळ आहे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशी आगमनकाळ, म्हणजे ख्रिस्तजन्माची वाट पाहण्याचा काळ, सुरू होतो. त्याचे चार रविवार होतात. २५ डिसेंबरपासून पुढे बारा दिवसांचा नाताळ चालतो आणि ६ जानेवारीला, पूर्वेकडून बाळ येशूला पाहायला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांच्या भेटीचा दिवस येतो. दिवाळीत वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत ज्याचा त्याचा दिवस नेमलेला असतो, आणि अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन व ओवाळणी एकाच रात्री उरकण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. नाताळच्या वाट्याला मात्र नेमके तेच आले आहे. २३ तारखेपर्यंत शाळा आणि कचेऱ्या, २४ला दिवसभर धावपळ, रात्री उपासना, २५ला सकाळपासून पाहुणे, आणि २६ तारखेला मुले तापाने फणफणलेली व म्हातारी माणसे अंथरुणाला खिळलेली, असे चित्र मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे. सण लांबवून साजरा केला तर तो सर्वांना झेपतो आणि अधिक गोडही लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचा उगमच मुळी लहान मुलांच्या अधीरपणात आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिश विशर्न नावाचे धर्मोपदेशक निराधार मुलांचा आश्रम चालवीत असत. नाताळ कधी, नाताळ कधी, असा त्या मुलांचा रोजचा धोशा असे. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारांच्या मोठ्या आणि मधल्या वारांच्या लहान. रोज एक पेटायची, आणि किती दिवस उरले हे मुलांना डोळ्यांनी दिसायचे. आज त्या चाकाचे चार मेणबत्त्यांचे कडे झाले आहे. आमच्या घरी ते पितळेच्या परातीत वाळू भरून तयार होते, कारण वाळूत मेणबत्ती घट्ट उभी राहते आणि चुकून कलंडली तरी खाली विझते. दर रविवारी दिवेलागणीला सासरे पेटी काढतात, सासूबाई गीत सुरू करतात आणि मुले त्यांच्या मागोमाग म्हणतात. इथे ग्वाल्हेरला आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, उपासना हिंदीत होते, मुलांची शाळा इंग्रजी-हिंदीत चालते, आणि गल्लीतला खेळही हिंदीतच. मराठी गीतांचे शब्द त्यांच्या कानावर पडतात ते याच चार रविवारी आजी-आजोबांच्या तोंडून; आणि "आजी, हे कडवं पुन्हा" असे नातीने म्हटले की सासूबाईंचे गुडघे तेवढ्यापुरते दुखायचे थांबतात.

स्वयंपाकघराचेही तसेच आहे. करंज्या, शंकरपाळे, चकल्या हा नाताळचा फराळ एका दिवसात करायचा म्हटले तर सुनेचा जीव जातो आणि सासूला नुसते बघत बसावे लागते. तोच तीन-चार रविवारांत वाटून घेतला की करंज्यांना मुरड घालायला बसलेल्या आजीशेजारी नातवाला कातण फिरवता येते. केकचा सुकामेवा चिरण्याचे काम आमच्याकडे आजोबांचे. गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून, अडकित्त्याने ते बदाम आणि खारका इतक्या बारीक कातरतात की भट्टीवाला दरवर्षी त्यांची चौकशी करतो. हा बारीकपणा केवळ हौसेचा नाही. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकण्याचा धोका खरा असतो, आणि केकमध्ये तो दिसत नाही. मेवा आम्ही संत्र्याच्या रसात भिजवतो, म्हणजे मुलांना आणि म्हाताऱ्यांना एकच केक चालतो. त्यात आग्र्याचा पेठाही बारीक चिरून पडतो. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांना याचे नवल वाटते, पण आग्रा आम्हांला जवळ आहे आणि पेठ्याने केक ओलसर राहतो. घरात भट्टी नसल्यामुळे सगळे साहित्य घेऊन बेकरीत जायचे, समोर कालवून घ्यायचे आणि संध्याकाळी टिन परत आणायचे, ही रीत उत्तरेकडच्या पुष्कळ गावांत आहे. २०-२२ तारखेनंतर तिथे उभे राहायला जागा मिळत नाही. पंधरवडाभर आधी गेले तर मुलांना भट्टीचे तोंड जवळून पाहता येते.

ग्वाल्हेरच्या थंडीविषयी मुद्दाम लिहायला हवे, कारण महाराष्ट्रातल्या आपल्या वाचकांना तिची कल्पना नसावी. डिसेंबरच्या अखेरीला इथे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि कोहरा असा पडतो की समोरून येणाऱ्या रिक्षाचा दिवा अगदी अंगावर आल्यावर दिसतो. अशा रात्री मध्यरात्रीची उपासना संपवून मुरारहून लष्करला, म्हणजे शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात, परतणे तरण्याताठ्यांना साहसाचे वाटत असेल. दमा असलेल्या आजोबांना आणि खांद्यावर झोपलेल्या मुलीला ते नको होते. मध्यरात्रीच्या उपासनेचे मोल मी कमी लेखत नाही, माझे पती दरवर्षी तिला जातात. पण यहुदी रीतीप्रमाणे दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजला जाई, आणि ती मोजणी चर्चच्या सणांनाही वारशाने आली आहे. त्यामुळे २४ तारखेचा सूर्य मावळला की नाताळ लागला, आणि संध्याकाळच्या उपासनेला दुय्यम समजण्याचे काही कारण नाही. काही मंडळ्या अशी उपासना ठेवतातही. ज्या ठेवत नाहीत, त्यांच्या पाळकसाहेबांना आपल्या पत्रातून माझी विनंती पोहोचावी: सायंकाळी सहाला, तासाभराची, पुढच्या ओळीत मुलांना सतरंजी आणि वृद्धांना पाठ असलेल्या खुर्च्या, आणि गीतांचे कागद मोठ्या टायपात. याला खर्च असा काहीच नाही.

गाण्याची फेरी घेऊन घरोघरी येणाऱ्या तरुणांनाही हेच सांगणे आहे. त्यांची वाट आम्ही वर्षभर पाहतो. मात्र ढोलकी आणि गिटार घेऊन रात्री साडेअकराला दार वाजले की लहान मुले दचकून रडत उठतात, आणि झोपेची गोळी घेतलेल्या सासूबाईंना दुसऱ्या दिवशीच कळते की फेरी येऊन गेली. ज्या घरांत मुले आणि म्हातारी माणसे आहेत ती घरे आधी घ्यावीत आणि बाकीची मागून, एवढा क्रम लावला तरी पुरे. जाता जाता आणखी एक, कारण दर हिवाळ्यात अशा बातम्या छापून येतात: पाहुण्यांना ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची सिगडी कोणी ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. सिगडी अंगणातच असावी.

आता गव्हाणीविषयी. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव मांडून ख्रिस्तजन्माचा देखावा प्रथम उभा केला, असे सांगतात, तेव्हापासून ही रीत पसरली. आमच्या गव्हाणीला माती असते ती शेजारच्या मराठी कुटुंबातल्या मुलांनी दिवाळीत केलेल्या किल्ल्याची. किल्ला मोडला की ती आमच्याकडे येते, आणि मातीबरोबर दोन-चार मावळेही येतात. त्यामुळे आमच्या बेथलेहेमात मेंढ्या राखणाऱ्यांपैकी एकाच्या हातात ढाल आहे. सासऱ्यांनी पहिल्या वर्षी आक्षेप घेतला, मग लांडग्यांपासून कळप राखायला ढाल बरीच, असे म्हणून तो मागे घेतला. गव्हाण २४ तारखेपर्यंत रिकामी राहते. मागी लोक आणि त्यांचा कापडी उंट तर घराच्या पार दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर असतात. बाळ जन्मल्यावर ते निघतात आणि आजोबा रोज रात्री त्यांना थोडे पुढे सरकवतात. मुले सकाळी उठून आधी उंट कुठवर आला ते पाहतात, आणि ६ जानेवारीला तो पोहोचला की दुसरी भेटवस्तू मिळते. पहिली २५ला मिळालेली असते. सगळ्या भेटी एकाच सकाळी मिळाल्या म्हणजे मुले कागद फाडत सुटतात आणि दुपारपर्यंत खोक्यांशी खेळतात, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

या कथेत म्हातारी माणसे कुठे आहेत, असा प्रश्न मुलाने एकदा विचारला होता, आणि त्याचे उत्तर पुरवण्यांतल्या सजावटीत सापडत नाही. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत ती भरून राहिली आहेत. जखऱ्या आणि अलीशिबा हे वय झालेले जोडपे तिथे आहे. यरुशलेमच्या मंदिरात वाट पाहत थांबलेला शिमोन आहे, जो बाळाला हातांत घेतो. आणि मंदिर सोडून न जाणारी हन्ना आहे, जिच्या संदर्भात चौऱ्याऐंशी वर्षांचा उल्लेख येतो. ही भेट बाळाच्या जन्मानंतर चाळीस दिवसांनी, शुद्धीकरणाचे दिवस पुरे झाल्यावर होते, आणि गरिबांना नेमून दिलेले अर्पण, म्हणजे पक्ष्यांची जोडी, मरिया-योसेफ घेऊन येतात. सव्वा महिन्याने बाळ-बाळंतिणीला देवाच्या पायांवर घालण्याची रीत ज्या घरांनी पाळली आहे, त्यांना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. चर्चमध्ये तो २ फेब्रुवारीला स्मरतात. आमच्याकडे हा उतारा सासूबाई वाचतात, आणि हन्नेचे वय आले की मुले हिशेब करू लागतात की आजीला तिथवर पोहोचायला किती वर्षे आहेत.

२५ तारखेलाच सगळे भेटले पाहिजेत, हा हट्टही सोडता येतो. दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाची ताटे येतात, त्यांच्या परतफेडीची ताटे आम्ही २६पासून चार-पाच दिवसांत पोहोचवतो. मुलांच्या हातात विणलेल्या रुमालाने झाकलेले एक ताट दिले की त्यांनाही काम मिळते. ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५मध्ये सुरू केलेला इथला व्यापार मेळा याच दिवसांत भरतो. नाताळच्या सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही जानेवारीतल्या एखाद्या कामाच्या दिवशी, उन्हे असताना जातो. आजोबांना बाकावर बसून गजक खाता येते (खायला नको, पण खातात) आणि मुलांना आकाशपाळण्यासाठी रांग लावावी लागत नाही.

संपादक महोदय, २०२६ साली आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येत आहे. त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे २२ नोव्हेंबरला, आपल्या पुरवणीत एक पान नाताळच्या या लांब काळासाठी द्यावे: चार रविवारांची माहिती, फराळाची वाटणी, आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे यांसारख्या शहरांत संध्याकाळची उपासना कुठे होते त्याची यादी. हॉटेलांचे बेत २४ तारखेच्या अंकात आले तरी त्यांना पुरेसा वेळ मिळतो. फराळ वाटून करायचा तर घरांना महिनाभर आधी कळायला हवे. केकची कृती पुन्हा छापणार असाल तर मेवा बारीक चिरण्याची सूचना तेवढी तिच्यात घालावी.

आपली नम्र,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर