शवागाराबाहेरचा माइक : ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ठाणे

स. न. वि. वि.

४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली, ७४ जीव गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी बिल्डिंग कोसळली. ढिगारा उपसायला दिवस लागतात आणि तितके दिवस रुग्णालयाच्या दारात नातेवाईकही असतात, कॅमेरेही. "कसं वाटतंय?" हे विचारायचं नसतं, एवढं बहुतेक बातमीदारांना कळतं. तरी विचारलं जातं. मृतांचा आकडा, जखमींना कुठे हलवलं, यादी कधी लागणार, यातलं काहीच अधिकृतपणे वेळेवर मिळालं नाही की बातमीसाठी रडणारा माणूस तेवढा उरतो.

म्हणून पत्रकारांना उपदेश करण्याआधी एक व्यवस्था करावी. घटनेनंतर दर दोन तासांनी, ठरलेल्या जागी, एका अधिकाऱ्याने माहिती द्यावी. नवीन काही नसेल तर तसं सांगायलाही त्याने यावं. तो आला नाही की गर्दी शवागाराकडे सरकते. यादी आधी नातेवाइकांना वाचून दाखवावी, अर्ध्या तासाने पत्रकारांना द्यावी, आणि तिच्यात घरचा पत्ता व मोबाइल नंबर नसावेत. ओळख पटवायला येणाऱ्यांसाठी कॅमेऱ्यांपासून लांबचं दार हवं. काहींना बोलायचंच असतं, बिल्डरचं नाव जगाला सांगायचं असतं. त्यांना अडवू नये. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनी मधे राहून कोण तयार आहे ते विचारावं.

पुढची जबाबदारी आमची, बातमीदारांची. मुलाखत देणाऱ्याच्या शेजारी, तिरकं बसावं. दाराची वाट अडवू नये. कॅमेरा सुरू करण्याआधी तीन गोष्टी सांगाव्यात: हे कुठे दिसणार, मथळा आमच्या हातात नसतो, आणि कधीही थांबता येईल. मधे पुन्हा विचारावं, शेवटी आणखी एकदा. पहिल्या धक्क्यात दिलेला होकार कच्चा असतो. "तुम्ही बाहेर का नाही पडलात?" हा प्रश्न नकोच, त्यातला "का" माणसाला दोषी ठरवतो. धक्क्यातून वाचलेल्याला घटनाक्रम सलग आठवत नाही. एखादा आवाज, वास लख्ख असतो आणि वेळ मात्र चुकते. विसंगती म्हणजे खोटेपणा नव्हे. वेळ अग्निशमन दलाच्या नोंदीतून घ्यावी, त्यासाठी माणसाची उलटतपासणी करू नये. उठण्याआधी आज रात्री कुठे राहणार, सोबत कोण आहे, हे विचारावं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून द्यावा. वर्षश्राद्धाची बातमी करायची असेल तर पंधरा दिवस आधी कळवावं. त्याच दिवशी सकाळी दारात उभं राहणं हा निव्वळ आळस आहे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात चेहरा धूसर केला की झालं, असं अजूनही मानलं जातं. कळव्यातल्या चाळीचं नाव, शाळेचा गणवेश, काकांचा आवाज, मागे उभ्या स्कूटरची नंबरप्लेट: शेजाऱ्याला यातलं एक पुरतं. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख उघड करायला आईवडिलांची संमती चालत नाही, विशेष न्यायालयाची परवानगी लागते. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष, आणि बातमीदाराबरोबर मालक-प्रकाशकही जबाबदार. सज्ञान पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, तिथे तिची लेखी परवानगी हवी. मात्र पत्ता बऱ्याचदा फुटतो तो पोलीस ठाण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या प्रथम खबरीच्या (एफआयआरच्या) फोटोतून, आणि ते थांबवणं आमच्या हातात नाही. आपण पोलीस आयुक्तांशी बोलावं.

दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते आणि आपल्याकडे मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. पंप, बोटी आणि जेसीबींच्या यादीखाली दोन ओळी वाढवाव्यात: माहिती देणारा अधिकारी कोण, आणि नातेवाइकांची खोली कोणती.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही बातमीदार आणि समुपदेशक