मोबाइल जमा करावा, जप्त करू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात शाळा उघडल्या की पहिल्याच पालकसभेत एक सूचना हमखास दिली जाते : ‘विद्यार्थ्याजवळ मोबाइल सापडल्यास तो जप्त केला जाईल आणि वार्षिक निकालाच्या दिवशीच परत मिळेल.’ सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे शिकवताना ही सूचना मीही कितीतरी वेळा वाचून दाखवली आहे. तिच्यातला पहिला भाग, म्हणजे मोबाइल काढून घेणे, शाळेच्या अधिकारात बसतो. दुसरा भाग, म्हणजे तो महिनोन्‌महिने अडकवून ठेवणे, बसत नाही, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या मतापर्यंत मी आले ती एका प्रसंगामुळे. नववीच्या वर्गात तास चालू असताना बाकाखाली व्हिडिओ पाहणाऱ्या एका मुलाचा मोबाइल मी काढून घेतला आणि नियमाप्रमाणे कार्यालयातल्या कपाटात ठेवला. चौथ्या दिवशी त्याची आई विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून शाळेत आली. मोबाइल तिचा होता आणि घरात तो एकच होता. मुलाने तो न विचारता दप्तरात घातला होता. नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला, त्याचा फोन रात्री त्याच मोबाइलवर यायचा. बँकेचा निरोप, गॅस सिलिंडरचा क्रमांक, सगळे त्यावरच. विड्या वळण्याचा एक दिवस बुडवून ती आली होती. नियम सर्वांना सारखा, असे सांगून तिला परत पाठवण्यात आले आणि मोबाइल तिला मे महिन्यात मिळाला. त्या वेळी मी गप्प राहिले, याची खंत मला आजही आहे. शिक्षा मुलाला द्यायची होती, ती आईला झाली.

कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० क प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणत्याही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, तरी एवढे संरक्षण कायम राहिले. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना हे बंधन सरळ लागू होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये मोबाइलचा उल्लेख नाही. उलट त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, त्यामुळे भर वर्गात मुलाच्या डोळ्यांदेखत मोबाइल आपटून फोडण्याचे जे प्रकार कानावर येतात ते शिस्त या नावाखाली खपणारे नाहीत. जाणूनबुजून दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली अपराध आहे आणि शिक्षक त्याला अपवाद नाहीत.

मग वर्गात मोबाइल काढून घेणे ही चोरी ठरते का, असा प्रश्न काही पालक तावातावाने विचारतात. ठरत नाही. न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीसाठी अप्रामाणिक हेतू असावा लागतो आणि तास नीट चालावा म्हणून मोबाइल बाजूला ठेवणाऱ्या शिक्षकाचा हेतू तसा नसतो. शाळेच्या वेळेत मूल शिक्षकांच्या स्वाधीन असते आणि सुज्ञ पालक घरी जेवढा वचक ठेवील तेवढा ठेवण्याची मुभा शिक्षकाला असते, हे तत्त्व जुने आहे. पण याच तत्त्वातून मर्यादाही निघते. सुज्ञ पालक अभ्यासाच्या वेळी मुलाच्या हातातून मोबाइल घेतो. तो शेजाऱ्याचा मोबाइल वर्षभर आपल्या कपाटात ठेवत नाही. इथे आणखी एक बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिमकार्ड दिले जात नाही. म्हणजे दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्याकडे सापडलेल्या मोबाइलमधला क्रमांक बहुधा कोणा ना कोणा मोठ्या माणसाच्या नावावर असतो, आणि शाळा जेव्हा तो मोबाइल अडकवून ठेवते तेव्हा जिने कोणताही नियम मोडलेला नाही अशा तिसऱ्याच व्यक्तीचा व्यवहार अडतो.

या विषयावर दिल्ली उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेला आदेश प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. शाळेत स्मार्टफोन आणण्यावर सरसकट बंदी घालणे इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असे सांगून न्यायालयाने वापरावर नियंत्रण ठेवण्याचा, शक्य असेल तिथे मोबाइल शाळेत आल्यावर जमा करून घेण्याचा आणि वर्गात तो न वापरू देण्याचा मार्ग सुचवला. नियम मोडल्यास मोबाइल काढून घेण्याची मुभाही त्यात आहे. मात्र परिणाम काय होतील ते आधी स्पष्ट असावे, ते न्याय्य असावेत, अवाजवी कठोर नसावेत आणि धोरण पालक व शिक्षकांशी सल्लामसलत करून ठरवावे, असेही त्यात म्हटले आहे. हा आदेश महाराष्ट्रातील शाळांवर बंधनकारक नसला तरी आपल्याकडे असा वाद न्यायालयात गेल्यास त्याचा आधार घेतला जाईल. इंग्लंडमध्ये तर २००६ च्या शिक्षणविषयक कायद्यात, शिस्तीचा वाजवी भाग म्हणून वस्तू काढून घेणाऱ्या शिक्षकाला संरक्षण देणारे कलमच आहे. आपल्या शिक्षकांच्या पाठीशी असे स्पष्ट कलम असते तर त्यांनाही निर्धास्तपणे काम करता आले असते. ते होईपर्यंत शाळेचा लेखी नियम हाच त्यांचा आधार आहे.

काढून घेतलेला मोबाइल उघडून पाहणे हा मात्र वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न आहे. ‘कोणाशी बोलतोस, दाखव,’ असे म्हणून फोटो आणि संदेश चाळणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरीही हे करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये मालकाच्या परवानगीवाचून अशा साधनातली माहिती उघडणे किंवा उतरवून घेणे याबद्दल भरपाईची तरतूद आहे. एखाद्या मुलीचे आक्षेपार्ह छायाचित्र मोबाइलमध्ये असल्याची शंका आली, तर मोबाइल बंद करून पालकांना बोलवावे आणि पोलिसांना कळवावे. ‘पुरावा’ म्हणून ते छायाचित्र शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवणे हा त्याच कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा ठरू शकतो. त्यात मुलीची जी दुसऱ्यांदा विटंबना होते ती वेगळीच.

आता जबाबदारीचा मुद्दा. दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणाऱ्याने ती सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेऊन ठेवावी, हे तत्त्व भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ मध्ये आहे. कुलूप नसलेल्या कपाटात वीस-पंचवीस मोबाइल एकावर एक टाकलेले, कोणावर नाव नाही, नोंद नाही. त्यातला एक हरवला किंवा त्याची काच फुटली तर शाळा कोणत्या तोंडाने हात वर करणार? मोबाइल सोडवून घेण्यासाठी पाचशे-हजार रुपये मागणाऱ्या शाळाही आहेत. या रकमेला कोणत्याही नियमाचा आधार माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि यंत्रमागावर किंवा विड्यांवर चालणाऱ्या घरात ती आठवड्याचा किराणा असते.

शिक्षकांची बाजू मी विसरलेले नाही. साठ मुलांच्या वर्गात एका मोबाइलने अख्खा तास बिघडतो, हे मी भोगले आहे. परंतु मोबाइल शाळेच्या आसपासही नको, हा आग्रह सोलापूर जिल्ह्यात तरी टिकणारा नाही. मोहोळ, अक्कलकोट, मंद्रूपकडून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना त्या सुखरूप पोहोचल्याचा फोन हवा असतो, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. शिवाय माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळवले, ते याच जिल्ह्यात राहून. पुस्तकातला कोड उघडायला घरात मोबाइल लागतो, हे शाळांना मान्य आहे. मग तोच मोबाइल वर्षभर कपाटात कसा ठेवायचा?

जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि महापालिकेचे शिक्षण प्रशासन यांना माझी विनंती आहे की त्यांनी ‘जप्त’ हा शब्दच शाळांच्या सूचनांतून काढायला लावावा. जप्ती न्यायालय करते, पोलीस पंचनाम्याने करतात. शाळा वस्तू जमा करून घेते आणि जमा केलेली वस्तू परत द्यायची असते. शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघ यांच्यासमोर लेखी नियम ठेवून तो प्रवेशाच्या वेळीच पालकांच्या हाती द्यावा, आणि आपल्या शहरात तो मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूतही असावा, कारण पूर्व भागातल्या कितीतरी आयांना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. मोबाइल घेताना विद्यार्थ्यासमोर तो बंद करून पाकिटात घालावा, वर नाव, वेळ आणि मोबाइलची स्थिती लिहावी, पालकांना पावती द्यावी. पहिल्या खेपेला तो शाळा सुटताना परत करावा. पुन्हा तेच घडले तर दुसऱ्या दिवशी पालकांच्या हाती द्यावा, आणि कामावरची मजुरी बुडणार असेल तर संध्याकाळी येण्याची सवलत ठेवावी.

हा नियम ठरायला काही महिने लागतील, याची मला कल्पना आहे. मात्र आज शाळांच्या कपाटांत जे मोबाइल पडून आहेत, ते दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ज्यांचे त्यांच्या घरी पोहोचवावेत. त्याला कोणत्याही नव्या परिपत्रकाची गरज नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
जुळे सोलापूर