शनिवारी : प्रयोगशाळेतून पेटंटकडे

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये जमायचं आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करून पेटंट एजंट (इतरांचे पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करणाऱ्या) झालेल्या आपल्याच एक माजी विद्यार्थिनी बोलणार आहेत. (पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी चालते, एलएलबी लागत नाही. निम्म्यांना हे ठाऊकच नसतं!) पेटंटच्या अर्जातला नवा जीवाणू अर्जाच्या तारखेपर्यंत मान्यताप्राप्त जीवाणू-संग्रहात का ठेवावा लागतो, हेही त्या सांगतील; तसा संग्रह पुण्यातच आहे.

- अप्रकाशित निष्कर्ष, स्ट्रेन (जीवाणूचे वाण), सिक्वेन्स (डीएनएचे क्रम) सभेत बोलू नका, ग्रुपवरही टाकू नका. चारचौघांत उघड झालं की नावीन्य जातं आणि पेटंट अडतं. गाईडनाही हे सांगा.
- प्रश्न गुरुवारपर्यंत सचिवांकडे द्या.
- रेकॉर्डिंग करू नये.

चहा आहे, वेळेवर या.