उपाशी कुत्र्याला भरपेट वाढू नका

महोदय,

साखळीला बांधून उपाशी ठेवलेलं कुत्रं सोडवलं की लोक मायेने दूध-भात भरभरून वाढतात आणि नेमकं तिथेच घात होतो. पिष्टमय अन्नाने इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातलं फॉस्फेट (हृदयाला आणि स्नायूंना लागणारा क्षार) पेशींत ओढलं जातं आणि रक्तात कमी पडतं. दोन-चार दिवसांत हृदय बंद पडू शकतं. दहा किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी १०० कॅलरी पुरतात: साधारण ६० ग्रॅम उकडलेलं, बिनहाडाचं चिकन, चार-पाच वेळा विभागून. आठवडाभरात हळूहळू वाढवावं. पाणी थोडं थोडं, पण वारंवार. रक्ततपासणी पशुवैद्यकाकडे पहिल्याच दिवशी करावी. आणि खरजेवर जळकं ऑइल कृपया चोपडू नका. चाटल्यावर ते विष पोटात जातं. गळ्यात रुतलेला पट्टाही घरी ओढून काढू नये.

– एक प्राणिमित्र, सांगली