चालताना दुखत नाही, एवढ्यावर धावू नकोस

सातारा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू अगदी सहज म्हणालीस की नडगीच्या हाडाला भेग पडलेला पाय आता चालताना मुळीच दुखत नाही, जिनाही नीट चढता येतो, तेव्हा येत्या रविवारी विद्यापीठाच्या आवारात पाच किलोमीटर सावकाश धावून पाहावे असे मनात आहे. मी त्यावर गप्प राहिले आणि तू त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतलास, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले. तो होकार नव्हता. समोरासमोर किंवा फोनवर तुझ्या उत्साहापुढे मला नाही म्हणवत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते रविवारच्या आधी तुझ्या हाती पडावे यासाठी उद्या सकाळीच कुरिअरने पाठवते.

आधी माझी चूक सांगते. ऑगस्टच्या अखेरीस तू प्रथम म्हणाली होतीस की डाव्या नडगीची आतली बाजू धावताना ठणकते, तेव्हा मी ‘घाटाचा सराव नवा आहे, सुरुवातीला दुखायचेच, सवय होईल’ असे उत्तर दिले. एकतीस वर्षे हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढलेल्या बाईने असे बोलायला नको होते. दुखणे नडगीभर पसरलेले आहे की बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी आहे, पळून झाल्यावर थांबते की रात्री अंथरुणातही राहते, एवढे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते. परक्याच्या मुलीला मी ते न चुकता विचारले असते. तुला विचारले नाहीत, कारण तू सप्टेंबरात साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला येणार, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागणार आणि एकवीस किलोमीटर पुरे करून घरी जेवायला येणार, या कल्पनेत मीही रमले होते. तू आलीस, धावलीस, आणि परतीचा घाट उतरताना लंगडू लागलीस. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

आता तुझ्या पायात नेमके काय झाले ते पुन्हा एकदा सांगते, कारण डॉक्टरांनी ते घाईत सांगितले असावे आणि तू फक्त ‘सहा ते आठ आठवडे’ एवढेच लक्षात ठेवलेले दिसते. हाड हा दगड नव्हे. त्यात जुना भाग झिजवून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग रचणाऱ्या पेशीही असतात. भार वाढला की शरीर आधी जुने खणून काढते आणि मग नवे भरते. खणण्याचे काम साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र तीन महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे सराव एकदम वाढवला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा बळकट झालेले नसते, उलट तात्पुरते कमकुवत झालेले असते. तुझ्या घड्याळातील नोंदी तूच मला दिवाळीत दाखवल्यास. आठवड्याला तीस किलोमीटर धावणारी तू ऑगस्टमध्ये पंचावन्नवर गेलीस, आणि बरोबर चौथ्या आठवड्यात नडगी ठणकू लागली. खणलेल्या जागेवर भरणी होण्याआधीच रोज हजारो पावलांचा मार बसत राहिला आणि तिथे भेग पडली. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती दिसली नाही, यात नवल नाही. अशा भेगा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुधा दिसतच नाहीत, म्हणून एमआरआय करावा लागला. सुदैवाने तुझी भेग नडगीच्या आतल्या-मागच्या कडेला आहे. पुढच्या कडेला असती तर ती भरून यायला फार अवघड गेली असती आणि कदाचित शस्त्रक्रियेपर्यंत पाळी आली असती.

या सगळ्यात तुझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच आहे: दुखणे थांबणे आणि हाड भरणे या दोन निराळ्या घटना आहेत आणि पहिली दुसरीच्या बरीच आधी घडते. भार काढून घेतला की सूज ओसरते, दुखणे थांबते. त्या वेळी भेगेच्या जागी नवे हाड आलेले असते खरे, पण ते कच्चे असते, चालण्याला पुरते आणि धावण्याला पुरत नाही. चालताना एक पाऊल सतत जमिनीवर असते. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकट्या पायावर आदळतो. एमआरआय झाल्याला उद्या साडेपाच आठवडे होतील. माझ्या अनुभवात सगळ्यांत घातक आठवडा हाच, कारण पाय गप्प झालेला असतो आणि मन उतावीळ झालेले असते.

वॉर्डात एक पैलवान मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, मनगटाजवळचे हाड मोडलेला. चौथ्या आठवड्यात गावची यात्रा आली आणि कुस्तीच्या फडात उतरता यावे म्हणून त्याने घरच्या घरी प्लॅस्टर कापून काढले. हात दुखत नव्हता, असे तो शपथेवर सांगत होता, आणि मला वाटते तो खरेच सांगत होता. आठ दिवसांनी परत आला तेव्हा हाड सरकले होते, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले, आणि त्याचे ते वर्ष गेलेच, शिवाय पुढचेही गेले. त्याची आई वॉर्डाच्या दारात बसून असायची. तिने मला एकदा विचारले, ‘बाई, मी तवा कातरी लपवाया पायजे हुती का?’ तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नव्हते. परवा फोन ठेवल्यावर मला तीच बाई आठवली.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनविषयी तू विचारलेस. माझे स्पष्ट मत आहे की यंदाची सोडून दे. महिनाअखेरीस डॉक्टरांनी परवानगी दिली तरी जेमतेम सात आठवडे उरतात आणि बेचाळीस किलोमीटरसाठी पाय तयार करायला ते कमी आहेत. पुन्हा एकदा तीच चूक, तीच घाई होईल. भरलेले शुल्क गेले तर जाऊ दे. तुझा लाडका धावपटू अविनाश साबळे २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई स्पर्धेला मुकला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, हे तूच मला कौतुकाने सांगितले होतेस. यंदा जुलैत मोनाकोला तो पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, तेव्हा टोकियोची जागतिक स्पर्धा त्याने सोडलीच ना? ज्याचे पोट धावण्यावर आहे, त्यालाही थांबावे लागते.

थांबणे म्हणजे अंथरुणावर पडून राहणे, असे मात्र मी म्हणत नाही. तुझी खरी भीती दुसरीच आहे, दम जाईल ही. आणि ती खोटी नाही. सराव पूर्ण बंद झाला की पहिल्या दोन आठवड्यांतच शरीरातील रक्तद्रव कमी होतो, हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांनंतर दम कमी झाल्याचे स्पष्ट जाणवते. पण हृदयाला आणि फुप्फुसांना पायाखाली डांबरी रस्ता आहे की पाणी आहे हे कळत नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला पाण्यातला व्यायाम तू आठवड्यातून एकदाच करतेस, तो चार वेळा कर. पोहण्याच्या तलावाच्या खोल भागात कमरेला तरंगण्याचा पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता, धावण्याचीच हालचाल करायची. अंग किंचित पुढे झुकलेले, गुडघा वर, मग पाय खाली-मागे. नुसते रमतगमत केलेस तर उपयोग नाही. दोन मिनिटे जोरात, एक मिनिट हळू, असे दहा-बारा फेरे कर, म्हणजे पाण्यातसुद्धा धाप लागेल. नीट केले तर महिना-दीड महिना दम बराचसा टिकतो. कंटाळवाणे आहे, हे मान्य. एकाच जागी हात-पाय मारत राहायचे आणि भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकत नाही, हे तुझे गाऱ्हाणे मी ऐकले आहे. तरीही कर.

दुसरे काम पोटरीचे. धावताना नडगीला वाकवणारा जो ताण येतो, त्यातला मोठा वाटा पोटरीचे स्नायू उचलतात. ते थकले की तो हाडावर जातो. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली आहे तेवढ्याच प्रमाणात, आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर, टाचा उचलण्याचा व्यायाम कर. गुडघा सरळ ठेवूनही आणि किंचित वाकवूनही, कारण गुडघा वाकवला की पोटरीच्या आतल्या खोल स्नायूवर जास्त भर येतो. खुब्याचे व्यायामही सोडू नकोस.

आता जे लिहायचे आहे ते फोनवर बोलताना तू नेहमी टाळतेस. जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने तुला पाळी आली नाही. तू ते ‘धावण्यामुळे होते, सगळ्याजणींना होते’ असे म्हणून सोडून दिलेस, काहीशी सुटका झाल्यासारखे. मुली, ही सुटका नव्हे. जेवढे खर्च होते तेवढे पोटात जात नसले की शरीर आधी ज्या गोष्टी लांबणीवर टाकते त्यांत पाळी असते, आणि पाळी थांबवणारा तोच संप्रेरकांचा अभाव हाडाची भरणीही थांबवतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या ऊर्जेच्या तुटीला रीतसर नाव देऊन खेळाडूंना सावध केले. किलोमीटर वाढवले तेव्हा तू जेवण वाढवले नाहीस, उलट रात्रीची भाकरी बंद केलीस, हलके वाटावे म्हणून. मला वाटते, तुझी भेग घाटाने जितकी पाडली तितकीच त्या बंद केलेल्या भाकरीने पाडली. ऑक्टोबरात पाळी आली हे चांगले झाले, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून ये आणि धावण्याचा व दुखापतीचा सगळा तपशील त्यांना सांग.

तुझे ड जीवनसत्त्व चौदा आले होते. वीसच्या खाली ते कमीच मानतात. साठ हजार युनिटची आठवड्याची मात्रा चुकवू नकोस, ती दुधाबरोबर घे आणि डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपल्यावर आपल्या मनाने चालू ठेवू नकोस. कॅल्शियम दिवसाला एक हजार मिलीग्रॅम लागते. शंभर ग्रॅम नाचणीतून त्यातले साडेतीनशेच्या आसपास मिळते. म्हणजे सकाळी नाचणीचे सत्त्व दुधातून, दुपारी दही, संध्याकाळी तिळाची चटणी एवढे झाले तर गोळीची गरजही फारशी राहणार नाही. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ किंवा अंडी असू देत. आणि दुखत असेल तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याचा मोह कधीही धरू नकोस. दुखणे हा एकच निरोप हाडाला धाडता येतो, तोही आपण दाराबाहेर अडवला तर त्याने करायचे काय?

परत धावण्याचा दिवस डॉक्टर ठरवतील, तू नव्हे आणि मीही नव्हे. त्याआधी किमान एवढे जमले पाहिजे: भेगेच्या जागी अंगठ्याने दाबले तरी दुखू नये, अर्धा-पाऊण तास भराभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी पाय स्वस्थ असावा, आणि फिजिओथेरपिस्टसमोर त्याच एका पायावर उड्या मारता याव्यात. त्यानंतरही पहिला दिवस म्हणजे एक मिनिट धावणे, चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा वेळा. मधला दिवस मोकळा. तेवढ्याने काही दुखले नाही तर धावण्याची मिनिटे वाढवायची आणि चालण्याची कमी करायची. दुखले तर मागच्या पायरीवर परत यायचे. सलग अर्धा तास धावता येईपर्यंत वेग आणि घाट यांचे नाव काढायचे नाही. उताराचा रस्ता सगळ्यांत शेवटी, कारण उतरताना पाय जास्त जोराने आदळतो.

तुझ्या बाबांना मी हे पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, तिला एवढे रागावू नकोस. मी रागावलेले नाही. अंगणातल्या पायऱ्या तू दिवाळीत कठड्याला धरून एकेक उतरत होतीस आणि मी पाहते आहे हे लक्षात येताच हात सोडून हसलीस. त्या हसण्याने मला रात्रभर झोप आली नाही.

शनिवारी दुपारच्या एसटीने मी पुण्याला येते. नाचणी दळून ठेवली आहे, तिळाची चटणीही करून आणते. रविवारी सकाळी आपण दोघी तलावावर जाऊ. तू पाण्यात तुझे फेरे कर, मी काठावर बसून घड्याळ लावते.

तुझी,
आई

ता. क. : पत्र वाचून झाल्यावर डाव्या घोट्याच्या वर चार बोटे, नडगीच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबून पाहा, आणि जे असेल ते मला खरे सांग.