सूर धरणाऱ्यास

काल्यारी, सार्डिनिया
२ मे

चि. सोहमला अनेक आशीर्वाद.

आई म्हणाली, तू सनई काकांना परत देऊन आलास. शिमग्यात पालखी नाचत असताना तुझा सूर तुटला, काका चारचौघांत ओरडले, आणि वर दादा म्हणाला की सूर धरणं म्हणजे काय वाजवणं झालं, एकच स्वर तर फुंकत राहायचा. फोनवर मला नीट बोलता आलं नाही. रेंज जाते, आणि रेंज असली की दोन मिनिटांत आई फोन काढून घेते. म्हणून बोटीवरचा वॉच (पहाऱ्याची पाळी) संपल्यावर लिहायला बसलोय.

सार्डिनिया हे इटलीचं मोठं बेट, काल्यारी तिथलं बंदर. काल १ मे, म्हणजे सांत एफिसिओची यात्रा. १६५२ मध्ये इथे प्लेग आला, तेव्हा शहराने या संताला नवस केला. १६५७ पासून तो फेडतायत, एकही वर्ष चुकलेलं नाही. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यांनी शहर उद्ध्वस्त झालं होतं, त्या वर्षी मूर्ती साध्या ट्रकमधून नेली. एरवी बैलांचा रथ असतो. नोराच्या किनाऱ्यावरच्या देवळापर्यंत जायचं आणि ४ तारखेला परत यायचं, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. आपल्या पालखीसारखंच, फक्त पालखी नाचवत नाहीत. रस्त्यावर गुलाबपाकळ्यांचा सडा होता. मूर्ती बंदरासमोर आली आणि बोटींनी भोंगे दिले. बावीस वर्षं भोंगे ऐकतोय, धुक्यातले आणि बंदर सोडतानाचे. देवासाठी दिलेला काल पहिल्यांदा ऐकला.

पण तुला सांगायचं आहे ते वाजंत्र्यांबद्दल. मिरवणुकीत गावोगावचे लाउनेद्दास वाजवणारे होते. बोरूसारख्या पोकळ ‘नळ’ नावाच्या गवताच्या तीन नळ्या, तिन्ही एकाच वेळी तोंडात. सगळ्यात लांब नळीला बोटं ठेवायला भोकच नसतं. तिचं नाव तुंबू. ती फक्त सूर धरते. मधली तिलाच दोऱ्याने बांधलेली असते, ती डाव्या हाताने वाजवायची, आणि सगळ्यात छोटी उजव्या हातात सुटी. म्हणजे काका आणि तू दोघं मिळून जे करता, ते इथे एक माणूस करतो. आणि तो श्वास घ्यायला थांबत नाही. मी घड्याळ लावून बघत होतो, एक म्हातारबाबा दहा मिनिटं अखंड वाजवत होते. गाल फुगलेले, डोळे शांत, मध्येच कुणाला तरी मान हलवून रामराम.

बंदरातला एक दोरवाला (बोट लागली की दोर बांधणारा) बरोबर होता, त्याचा आजा हे वाजवायचा. तो मोडक्या इंग्रजीत सांगत होता, मी मोडक्या इंग्रजीत ऐकत होतो. पूर्वी गावातली बिनलग्नाची पोरं वर्गणी काढून वाजवणारा ठरवायची, रविवारी चर्चसमोर नाच असायचा. सगळे हात धरून गोल करायचे आणि वाजवणारा मध्ये उभा. सुरात खंड पडला तर पायांनी काय करायचं? हे वाद्य किती जुनं, तर इत्तिरी गावाजवळ एक छोटी काशाची मूर्ती सापडली आहे, तोंडात तीन नळ्या धरलेला माणूस. अडीच हजार वर्षांहून जुनी.

नळाच्याच तुकड्याला चीर देऊन जीभ काढतात, सनईच्या पत्तीसारखी, तीच थरथरून वाजते. स्वर चढा लागला तर त्या जिभेवर मधमाशीच्या मेणाचा ठिपका ठेवतात, वजनाने स्वर उतरतो. काकांना हे सांग, आवडेल त्यांना. १९५७-५८ मध्ये आंद्रेआस वाइस बेन्ट्सन नावाचा डेन्मार्कचा अभ्यासक इथे आला, गावोगाव फिरून त्याने म्हाताऱ्यांचं वादन टेप केलं. तेव्हा हे वाद्य संपल्यातच जमा होतं. सान वीतो गावचे लुईजी लाई पोटासाठी स्वित्झर्लंडला गेले होते. ते परत आले, पुन्हा वाजवायला लागले आणि त्यांनी पोरांना शिकवलं.

शिकवतात कसं, हे मी मुद्दाम विचारलं. तुंबू लगेच हातात देत नाहीत. ग्लासात पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. गालात हवा साठवायची, गाल दाबून ती बाहेर सोडायची, आणि नेमकं त्याच वेळी नाकाने श्वास ओढायचा. मी काल रात्री मेसमध्ये करून बघितलं. चार बुडबुडे आले आणि मग पाणी नाकात गेलं. कुक हसून लोळायचा बाकी होता. म्हणजे तुझा सूर शिमग्यात अख्खी वाडी पार होईपर्यंत टिकला होता, तो कसा, हे मला आत्ता कळलं. आई म्हणते, सातामाणे यांच्या अंगणापर्यंत तू एकदाही थांबला नव्हतास.

संध्याकाळी गुत्त्यासमोर चार जण ‘मुर्रा’ खेळत होते. दोघं समोरासमोर, एकदम बोटं दाखवायची आणि त्याच क्षणी दोघांच्या बोटांची बेरीज ओरडायची, ज्याची बरोबर त्याला गुण. मला वाटलं मारामारी चालू आहे. पोलिसांच्या निषिद्ध खेळांच्या यादीत हा खेळ आहे म्हणे, आणि उर्झुलेई गावात त्याच्या स्पर्धाही होतात. ऑगस्टमध्ये साइन-ऑफ झालो (बोटीवरून सुटलो) की तुला शिकवतो. तुझा पाढ्यांचा प्रश्नही सुटेल.

सनई परत आणायची की नाही ते तू ठरव, काकांशी मी बोलणार नाही. ग्लास मात्र काचेचा घे, आईला विचारून. स्टीलच्या पेल्यात बुडबुडे दिसत नाहीत.

तुझा,
बाबा